वेलीचा बावन्न अब्जावा भाग

प्रश्न : आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. सुट्टीत अकरावीतल्या नातवाला घेऊन पेरिय कोविलला, म्हणजे बृहदीश्वराच्या देवळात गेलो होतो. भोसल्यांच्या इतिहासाचा १८०३ सालचा मराठी शिलालेख त्याला दाखवला. तिथेच एका गाइडनं तमिळ लेखांकडे बोट करून सांगितलं, की राजराज चोळाच्या काळी जमिनीची मोजणी चौरस इंचाच्या ५२,४२,८८,००,०००व्या भागापर्यंत बिनचूक होत असे. नातू म्हणाला, "आजोबा, थापा आहेत." तेव्हा विचारतो :
(१) ही संख्या खरी की थाप?
(२) ती आली कुठून?
(३) एवढी बारीक जमीन मोजायची कशी, आणि कशाला?
(४) गणिताच्या दृष्टीनं या संख्येत काही विशेष आहे का? रामानुजन आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभकोणमचे. त्यांच्या संख्यांमध्ये ती बसते का?
(५) नातवाला यातून काही करायला द्यायचं तर काय द्यावं?
— एक वाचक, तंजावर

उत्तर : पाचही प्रश्न क्रमानं घेऊ.

(१) संख्या खरी, माप चुकलं

नातवाची शंका अर्धी बरोबर आहे. बावन्न अब्ज बेचाळीस कोटी अठ्ठ्याऐंशी लाख ही संख्या गाइडच्या पदरची नाही. राजराजाच्या मोजणीत एका वेलीच्या ५२,४२,८८,००,०००व्या भागापर्यंतची जमीन हिशेबात धरून तिच्यावर सारा बसवला गेला, असं तंजावरचे लेख वाचून छापणाऱ्या पुराभिलेखतज्ज्ञांनीच नोंदवून ठेवलं आहे. गाइडचं चुकलं ते परिमाण. भाग वेलीचा आहे, चौरस इंचाचा नव्हे.

हा फरक किती मोठा आहे ते मोजून पाहू. तुमच्याकडे आजही चालणारा हिशेब असा : १२ फूट लांब, १२ फूट रुंद म्हणजे १४४ चौरस फुटांची एक कुळी, १०० कुळींचा एक मा आणि २० मांची एक वेली. वेली झाली २,८८,००० चौरस फुटांची, म्हणजे सुमारे ६.६ एकर. तिचे चौरस इंच केले तर ४,१४,७२,००० होतात. आता बावन्न अब्जांच्या संख्येला यानं भागा. उत्तर १,२६४च्या आसपास येतं. म्हणजे तो तुकडा एका चौरस इंचाच्या सुमारे १,२६४व्या भागाएवढा, अर्ध्या चौरस मिलिमीटरचा. खसखशीचा दाणा जेवढी जागा अडवतो, त्याहूनही कमी. चोळकाळी मोजणीच्या काठ्या वेगवेगळ्या लांबीच्या असत, त्यामुळे तेव्हाची वेली आजच्या वेलीशी चौरस फुटानिशी जुळेलच असं नाही. पण तुकडा कोणत्या आकाराचा होता, हे कळायला एवढं पुरे.

गाइड म्हणतो तसा तो चौरस इंचाचा भाग असता, तर त्या चौकोनाची बाजू मिलिमीटरच्या नऊ हजाराव्या भागाएवढी भरली असती. नेहमीच्या जिवाणूच्या लांबीच्या दहाव्या हिश्शाइतकी. त्यावर सारा बसवणारा राजा अजून जन्मायचा आहे. मोठा आकडा कानावर पडला की तो कशाचा, हे आधी विचारायचं. निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

(२) संख्येचं कूळ

शेवटची पाच शून्यं बाजूला ठेवा. उरतात ५,२४,२८८. त्याचं निम्मं करा : २,६२,१४४. पुन्हा निम्मं : १,३१,०७२. पुन्हा : ६५,५३६. संगणकाशी ज्याची थोडीफार ओळख आहे, तो इथेच हसेल. असं एकोणीस वेळा निम्मं केलं की नेमका १ उरतो, मध्ये कुठेही बाकी राहत नाही. म्हणजे ५,२४,२८८ हा २चा १९वा घात आहे. बाजूला ठेवलेली पाच शून्यं म्हणजे १०चा ५वा घात, आणि १०च्या पोटात एक २ आणि एक ५ असतो. सगळं एकत्र केलं की :

५२,४२,८८,००,००० = २चा २४वा घात × ५चा ५वा घात

एवढी अकरा अंकी संख्या, पण तिच्यात मूळ संख्या दोनच : २ आणि ५. ३ नाही, ७ नाही, ११ नाही. अकरा अंकी संख्या डोळे मिटून उचलली, तर तिच्यात कुठला ना कुठला भलामोठा, आडमुठा मूळ अवयव सापडण्याचीच शक्यता जास्त. इथे तसं काहीच नाही, म्हणजे ही संख्या उचललेली नाही. कुणीतरी ठरावीक पायऱ्यांनी ती घडवली आहे.

त्या पायऱ्या जुन्या तमिळ अपूर्णांकांत आहेत. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांना त्यांतले काही शब्द ठाऊक असतील. मा म्हणजे १/२०. काणी म्हणजे १/८०. अरैक्काणी म्हणजे काणीच्या निम्मं, १/१६०. मुंदिरी म्हणजे १/३२०. मा आणि काणी मिळून माकाणी. १/२० आणि १/८०ची बेरीज करून पाहा, बरोबर १/१६ येते. म्हणजे रुपयातला आणा!

मुंदिरीहून बारीक जायचं, तर शब्दाला 'कीळ' म्हणजे 'खालचा' हे लावायचं. कीळ मुंदिरी म्हणजे मुंदिरीचाही ३२०वा भाग, अर्थात १/१,०२,४००. आणखी एक कीळ लावला की आणखी ३२०नं भागायचं. जिन्यासारखं खाली खाली उतरत जायचं, आणि प्रत्येक पायरी ३२०ची.

आता ३२०चे अवयव पाडा : ६४ × ५, म्हणजे २चा ६वा घात आणि एक ५. चार पायऱ्या उतरलो की ३२०चा चौथा घात होतो, १०,४८,५७,६०,०००. त्याला ५नं गुणा. आली ना तुमची संख्या? दशमानात अकरा जागा अडवणारी ही संख्या ३२०च्या पायऱ्यांनी मोजणाऱ्याला 'पाच आणि पुढे चार शून्यं' एवढीच दिसली असती.

काणीशीही तिचं नातं आहे. संख्येला ५नं गुणा : २,६२,१४,४०,००,०००. हा आहे ८०चा सहावा घात. सहावा घात असल्यामुळे तो एकाच वेळी पूर्ण वर्गही आहे (५,१२,०००चा) आणि पूर्ण घनही आहे (६,४००चा). मूळ संख्या स्वतः वर्ग नाही की घन नाही. एक ५ कमी पडला, म्हणून हुकली.

(३) काठीनं नव्हे, वहीत

अर्धा चौरस मिलिमीटर जमीन कावेरीच्या चिखलात काठीनं मोजता येत नाही, हे उघड आहे. तशी ती कुणी मोजलीही नसणार. हा तुकडा शेतात नव्हे, हिशेबात तयार होतो.

शेताची लांबी आणि रुंदी काठ्यांमध्ये मोजली, दोन्हीकडे काठीचे अपूर्णांक उरले, की क्षेत्रफळासाठी त्यांचा गुणाकार करावा लागतो. १/३२० गुणिले १/३२० म्हणजे १/१,०२,४००. एकाच गुणाकारात आपण एक कीळ खाली उतरलो. मोजमापातली चूक बोटभर असेल, पण गुणाकाराचं उत्तर वहीत मिलिमीटरच्या आत जाऊन बसतं. कॅल्क्युलेटरवर १० भागिले ७ केल्यावर पडदाभर आकडे येतात, म्हणून आपण तेवढं अचूक मोजलं असा अर्थ होत नाही. तसंच हे.

मग कारकुनानं शेपूट छाटून का टाकलं नाही? तंजावरचे लेख वाचले की त्याचं कारण लक्षात येतं. राजराजानं १०१०च्या सुमारास पूर्ण झालेल्या या देवळाला गावंच्या गावं लावून दिली. एकेका गावाची नोंद अशी आहे : आधी मोजलेली एकूण जमीन. मग तिच्यातून वजा काय काय, तर गावठाण, गावातली देवळं, तळी, गावातून जाणारे पाट, कारागिरांची वस्ती, परैयरांची वस्ती, मसणवटा. या साऱ्यांवर सारा नाही. उरलेल्या जमिनीवर देवळाला किती भात यायचं, ते शेवटी. ते भात 'आडवल्लान' नावाच्या मरक्कालानं, म्हणजे धान्याच्या मापानं, मोजायचं, हेही दगडावर लिहिलेलं.

ही वजाबाकी आहे आणि ती जुळायला हवी. एकूण रकमेतून सात-आठ कलमं वजा करायची, शिवाय हा हिशेब गावागणिक. प्रत्येक कलमात थोडं थोडं छाटत गेलं, तर खालची बेरीज वरच्याशी बसत नाही आणि तपासणीला आलेला माणूस विचारतो, "हे एवढं गेलं कुठे?" शेपटासकट लिहिलं की प्रश्नच मिटतो. माझ्या मते बावन्न अब्जाव्या भागाचं मोल हे आहे. त्यावरून मोजणीची काठी किती बारीक होती ते कळत नाही, पण वही किती चोख होती ते कळतं. आणि त्या काळी चोख वही ही बारीक काठीपेक्षा अवघड गोष्ट होती. राज्याच्या जमिनीची मोठी मोजणी १००१च्या सुमाराची. पहिल्या कुलोत्तुंगानं १०८६च्या सुमारास ती पुन्हा करवली. इंग्लंडातलं 'डूम्सडे बुक' नावाचं जमिनीचं दप्तर त्याच वर्षीचं आहे.

या वहीला एक मात्र जमत नव्हतं : तीन वाटे करणं.

बापामागे तीन भाऊ, जमीन एक वेली. प्रत्येकाला १/३. आता ३२०च्या जिन्यानं उतरा. ३२०ला ३नं भागलं की १०६ मुंदिरी येतात, दोन तृतीयांश मुंदिरी उरते. तिचे कीळ मुंदिरी केले : २१३ आले, एक तृतीयांश उरला. खालची पायरी : पुन्हा १०६, उरले दोन तृतीयांश. त्याच्या खालची : पुन्हा २१३. पुढे १०६, २१३, १०६, २१३ हे पाळीपाळीनं येत राहणार आणि तळ कधीच लागणार नाही. कारण सरळ आहे. ३२०मध्ये २ आहेत, ५ आहे, पण ३ नाही. मग तिचा चौथा घात घ्या नाहीतर चारशेवा, ३ येणार कुठून? चार पायऱ्यांनंतर तिन्ही भावांचे वाटे वहीत नीट मांडले, तरी तिघांमध्ये मिळून सर्वांत खालच्या मापाचा नेमका एक तुकडा बेवारस राहतो.

पाच भाऊ असते तर काहीच अडचण नव्हती. प्रत्येकाला चार मा, विषय संपला.

आता आपल्याकडचा १९५७पूर्वीचा रुपया घ्या. १६ आण्यांचा रुपया, १२ पैचा आणा, म्हणजे रुपयाच्या १९२ पै. १९२चे अवयव : ६४ × ३. आणि ३२०चे होते ६४ × ५. जणू दोघी जावा, एकीच्या पदरात ५ आणि दुसरीच्या पदरात ३. रुपया तिघांत वाटला की प्रत्येकाला पाच आणे चार पै, चोख. पाच जणांत वाटायला गेलात, तर ३८ पै देऊन दोन पै हातात राहतात. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे १०० पैसे झाले. १०० म्हणजे दोन २ आणि दोन ५. पाच जण खूश, तिघांचा घोळ सुरू. हॉटेलात तिघांनी मिळून शंभराचं बिल भरायचं ठरवलं, की तेहेतीस रुपये तेहेतीस पैसे देऊन एक पैसा कुणी द्यायचा, हा प्रश्न आपल्याला १९५७नं दिला.

चोळांच्या कारकुनाला ३ ठाऊक नव्हता असं मात्र नाही. भाताच्या मापात तो होताच : एक कलम म्हणजे १२ मरक्काल. जमिनीची वाटणी अडली, तरी भाताच्या राशीची तीन भावांत सरळ चार-चार मरक्काल वाटणी होत होती.

(४) रामानुजन आणि कापरेकरांच्या कसोटीवर

संख्या केवढी, याला गणितात फारसा मान नाही. ती कशाची बनली आहे आणि कितीजणांत निःशेष वाटता येते, हे पाहिलं जातं. त्यासाठी भाजक मोजायचे, आणि ते एकेक लिहून काढावे लागत नाहीत. प्रत्येक मूळ अवयवाच्या घातांकात १ मिळवायचा आणि आलेल्या संख्या एकमेकींशी गुणायच्या. आपल्या संख्येत २चा घात २४, म्हणून २५. ५चा घात ५, म्हणून ६. पंचवीस सक दीडशे. बावन्न अब्जांची धिप्पाड संख्या, तिला भाजक अवघे १५०.

हे अवघे कसे, ते पाहा. २,२६,८०० ही संख्या घ्या. तिचे अवयव : २चा ४था घात, ३चा ४था घात, ५चा वर्ग आणि एक ७. भाजक : ५ × ५ × ३ × २, म्हणजे १५०च. आपल्या संख्येहून सव्वादोन लाख पटींनी लहान, आणि वाटणीच्या बाबतीत अगदी तोडीस तोड.

इथे तुमचे रामानुजन येतात. जन्म १८८७चा, इरोडचा. पण त्यांचं बालपण आणि शाळा कुंभकोणमची. तंजावरहून चाळीसेक किलोमीटरवर, तेव्हाही तंजावर जिल्ह्यात आणि आजही. तिथल्याच सरकारी कॉलेजात गणिताच्या नादात बाकीचे विषय मागे पडले आणि त्यांची शिष्यवृत्ती गेली. केंब्रिजला गेल्यावर १९१५मध्ये त्यांनी अतिविभाज्य संख्यांवर एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला आणि त्याच्याच जोरावर १९१६मध्ये तिथली पदवी मिळवली. अतिविभाज्य म्हणजे अशी संख्या, की तिच्याहून लहान कुठल्याही संख्येला तिच्याइतके भाजक नाहीत. २, ४, ६, १२, २४, ३६, ४८, ६०, १२० अशी ही मालिका आहे. डझन आपल्याला सोयीचा का वाटतो आणि तासाची मिनिटं साठच का, याचं उत्तर या यादीत मिळतं. तुमच्या कलमातले १२ मरक्कालही याच यादीतले.

तंजावरची संख्या या पंक्तीत बसत नाही, आणि का बसत नाही ते रामानुजन यांनीच सांगून ठेवलं आहे. अतिविभाज्य संख्येत मूळ अवयव २पासून ओळीनं यावे लागतात, मध्ये एकही गाळून चालत नाही, आणि पुढच्याचा घातांक मागच्याहून मोठा असून चालत नाही. आपल्या संख्येत २नंतर एकदम ५. तीन गळाला, तिथेच नापास. ही नियमाची बाब झाली. आता प्रत्यक्ष तुलना. ४८,८८,६४,३७,६०० ही अतिविभाज्य संख्या आपल्या संख्येहून थोडी लहानच आहे. तिच्यात २पासून १९पर्यंतचे आठही मूळ अवयव हजर आहेत. तिचे भाजक ३,४५६. कुठे १५०, कुठे ३,४५६!

या निबंधातली एक गंमत नातवाला नक्की सांगा. रामानुजन यांनी अशा संख्यांचा शंभराहून मोठा तक्ता दिला, तोही संगणकाच्या कितीतरी आधी. तो संपतो ६७,४६,३२,८३,८८,८०० या तेरा अंकी संख्येवर. तिचे भाजक १०,०८०. एवढ्या तक्त्यात त्यांच्या नजरेतून एकच संख्या सुटली : २,९३,३१,८६,२५,६००. आता या सुटलेल्या संख्येला २३नं गुणून पाहा. येते ती तक्त्यातली शेवटची संख्या! पाहुण्यांच्या यादीत शेवटचा पाहुणा आहे, त्याचा सख्खा भाऊ राहून गेला.

आता आपल्या देवळालीच्या द. रा. कापरेकर गुरुजींची कसोटी. नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवता शिकवता त्यांनी संख्यांशी आयुष्यभर दोस्ती केली. जगभर त्यांचं नाव झालं ते ६१७४मुळे. त्यांनी 'हर्षद' नावाचा एक प्रकार सांगितला : ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेनं निःशेष भाग जातो, ती हर्षद. रामानुजन यांच्या नावाशी जोडली गेलेली १७२९ घ्या : १ + ७ + २ + ९ = १९, आणि १९ × ९१ = १७२९. हर्षद आहे. वर म्हटलेली, यादीतून सुटलेली संख्या घ्या : अंकांची बेरीज ४५, आणि ४५नं तिला भाग जातो. तीही हर्षद. आता तंजावरची : ५ + २ + ४ + २ + ८ + ८ = २९. २९ ही मूळ संख्या, आणि आपल्या संख्येत २ आणि ५ वगळता दुसरा मूळ अवयव नाही. भाग जाणं शक्यच नाही. भागाकार न करताच निकाल लागला.

म्हणजे रामानुजनांकडेही नापास, कापरेकरांकडेही नापास. पण एका परीक्षेत तिला पैकीच्या पैकी आहेत. १ला तिनं भागा आणि दशांश चिन्हाच्या पुढे लिहीत जा. १/३ केलं की ३ ३ ३ अनंत चालतं. १/७ केलं की १४२८५७चं रहाटगाडगं सुरू होतं. पण ज्या संख्येत २ आणि ५ यांखेरीज काही नाही, तिचा व्यस्त कधीतरी संपतोच. आपल्या संख्येचा व्यस्त चोविसाव्या जागी संपतो : आधी दहा शून्यं, मग १९०७३४८६३२८१२५, आणि पूर्णविराम. हे चौदा अंक तरी कुठले? ५चा १९वा घात. वर २चा १९वा घात सापडला होता, त्याचं हे दुसरं अंग. १०चा १९वा घात म्हणजे २चा आणि ५चा १९वा घात यांचा गुणाकार. त्यामुळे एकानं भागायचं म्हणजे दुसऱ्यानं गुणून शून्यं सरकवायची.

हिशेबनिसाला हाच गुण हवा असतो. त्याचे सगळे अपूर्णांक मा, काणी, मुंदिरी आणि त्यांच्या खालच्या पायऱ्या यांतून आलेले. त्यांची कितीही बेरीज, वजाबाकी, गुणाकार करा, छेदात २ आणि ५ हेच राहणार आणि हिशेब कुठल्यातरी पायरीवर पूर्ण संपणार. त्याला लोंबती बाकी फक्त भागाकारातच भेटे, आणि तीही ३, ७, ११ यांच्यासारख्यांनी भागलं तरच. म्हणून या संख्येला मी थोर म्हणणार नाही, पण कामाची म्हणेन.

(५) नातवासाठी गृहपाठ

कॅल्क्युलेटर बाजूला ठेवून, कागद-पेन्सिल घेऊन करायच्या चार गोष्टी देतो.

पहिली : ५,२४,२८८चं एकोणीस वेळा निम्मं करून १वर यायचं. वाटेत १,०२४ लागेल. तिथून पुढे दहा वेळा निम्मं, म्हणजे तोंडपाठच.

दुसरी : १/७ वेली मुंदिरीच्या जिन्यानं उतरवायची. पहिल्या पायरीवर ४५ मुंदिरी येतील, बाकी ५/७. पुढच्या पायऱ्या त्यानं काढाव्यात आणि आकडे किती पायऱ्यांनी पुन्हा फिरून येतात ते शोधावं.

तिसरी : तुमच्या शेताच्या कागदावर, घराच्या खरेदीखतावर किंवा वीजबिलावर जी मोठी संख्या असेल, तिचे अवयव पाडून भाजक मोजायचे. घातांकात एक मिळवून गुणायचं, एवढाच नियम. बिलाचा आकडा मूळ संख्या निघाला तर मला कळवा.

चौथी जरा विचाराची. चोळांच्या ३२०ला तीन भावांची वाटणी जमत नाही, आपल्या १९२ पैला पाच भावांची. दोन्ही जमतील असं सर्वांत लहान माप कोणतं, ज्यात या दोन्ही संख्या पूर्ण मावतील? ६४ दोघींत समान आहेतच. त्यांत ३ घाला आणि ५ घाला : ९६०. त्या मापाचा तिसरा हिस्सा ३२० आणि पाचवा हिस्सा १९२. म्हणजे तंजावरचा चोळ हिशेबनीस आणि पुण्याचा पेढीवाला एकाच वहीवर बसले असते, तर त्यांचं ९६०वर एकमत झालं असतं. फक्त वारस सात निघू नयेत. निघालेच तर ९६०ला ७नं गुणून ६,७२० करावे लागतील, आणि अकरा निघाले तर वही मिटून वकील गाठावा.